वारा धरायचा राहिला

अण्णा विमानाची काच पुसत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

फ्लाइंग क्लबात माझ्याबरोबर विमान शिकणाऱ्या बाकीच्यांचे वडील कुणी डॉक्टर, कुणी वकील. उदय देवधरच्या वडिलांची तर तालुक्याच्या गावी कापसाची जिनिंग होती. त्यांच्यापैकी कुणी कधी सकाळी सकाळी धावपट्टीवर येऊन, खाकी पॅन्ट घोट्यावर दुमडून, ओल्या वर्तमानपत्राचा बोळा घेऊन विमानावर चढलं नव्हतं. माझे वडील चढले होते. सुपडू सोनवणे, एसटीत ड्रायव्हर. रजा टाकून आले होते, तरी अंगावर खाकीच.

"केवढी धूळ आहे साहेब काचेवर," ते कॅप्टन गुप्त्यांना सांगत होते. "यातून पोरीला काय दिसंल? आमच्याकडं अशी गाडी बाहेर काढली तर कंट्रोलर तिथल्या तिथं खाली उतरवतो."

उदय तोंड फिरवून हसला. कॅप्टन आता यांना हाकलणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. कॅप्टन गुप्ते हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्या क्लबात शिकवायला आले होते आणि माणसांशी बोलण्यात त्यांना फारसा रस नव्हता. पण त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे.

"पुसा, ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले. "आतूनही पुसा. तुमची मुलगी आज पहिल्यांदा एकटी लांब जातेय."

झालं, अण्णांना तेवढंच हवं होतं. ते दार उघडून थेट माझ्या जागेवर जाऊन बसले. आमचं पुष्पक म्हणजे दोन माणसांचं विमान. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि समोर एक इंजिन. रेडिओ नाही, काही नाही. काचेमागची नळी न् नळी अण्णांनी पुसून काढली. काचेच्या मधोमध होकायंत्र बसवलेलं होतं, त्याच्या पुढच्या सांदीत हात घालून तिथलीही धूळ काढली. त्यांचं काम संपता संपेना. मी चुळबुळत खाली उभी.

"अण्णा, झालं का? मला निघायचंय."

"झालं, झालं. काच स्वच्छ असली म्हणजे निम्मी ड्रायव्हिंग झाली बघ."

उतरल्यावर त्यांनी धावपट्टीच्या कडेच्या खांबाकडे बोट दाखवलं. "ती काय पिशवी टांगली तिथं?"

"वाऱ्याची पिशवी. वारा असला की फुगते. किती वारा आहे, कुठून आहे ते कळतं."

"मग आज तर लोंबून राह्यली."

"आज वारा नाहीच."

"चांगलं आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वर्तमानपत्राच्या शाईचा आणि झेंडूचा वास येत होता. झेंडूचं मला काही नवल वाटलं नाही. बसमध्ये स्टिअरिंगपुढे त्यांचा अंगठ्याएवढा गणपती असायचा आणि त्याला रोज सकाळी एक झेंडू वाहिल्याशिवाय त्यांनी कधी गाडीला किल्ली लावली नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून कुत्रंसुद्धा मेलं नाही ते त्या गणपतीमुळे, अशी त्यांची पक्की खात्री होती. मी त्यांना त्यावरून चिडवायची. ब्रेकमुळे अण्णा, गणपतीमुळे नाही. ते म्हणायचे, ब्रेक कोण लावून देतो?

मला त्या दिवशी त्रिकोण करायचा होता. विमान शिकणाऱ्याचा हा सगळ्यात कठीण पेपर. धावपट्टीवरून उडून रेल्वेच्या रुळांवरून नैर्ऋत्येला जायचं, साखर कारखान्याच्या चिमणीला वळसा घालायचा, तिथून पूर्वेला धरणावर पोचायचं आणि धरणावरून उत्तरेला परत घरी. एकटीनं. मी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होते आणि तिचा नियम साधा होता. जो त्रिकोणात हरवला आणि भलतीकडे उतरला, त्याचं नाव कमी. मागचा एक मुलगा असाच गेला होता. फळ्यावर त्याच्या नावाच्या जागी आता माझं नाव होतं आणि माझ्या खाली उदयचं. आमच्या घराण्यात सायकलच्या वर कुणाची मजल गेली नव्हती, अण्णांनी ती बसपर्यंत नेली. विमान चालवायची संधी मला दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. हे मला ठाऊक होतं, कॅप्टनना ठाऊक होतं आणि अण्णांना तर रात्रभर झोप नव्हती.

"सोनवणे," कॅप्टन खिडकीशी आले. "वर खोटं कोण बोलतं?"

हे त्यांचं रोजचं होतं. "डोळे, कान आणि पोट, सर."

"आणि खरं कोण बोलतं?"

"होकायंत्र, सर."

"वर गेल्यावर तुला शंभर गोष्टी वाटतील. वाटू देत. होकायंत्र सांगेल तिकडे जायचं. जा."

आमची धावपट्टी दक्षिणोत्तर. उत्तरेला तोंड करून उभी राहिले, होकायंत्र पाहिलं, त्यानं बरोबर उत्तर दाखवली. अण्णा तारेच्या कुंपणाशी उभे होते. मी हात केला. त्यांनी दोन्ही हात जोडले, मला की विमानाला ते कळलं नाही.

पहिली बाजू म्हणजे गंमतच होती. खाली रूळ दिसत होते, त्यांच्यावरून जायचं, होकायंत्राकडे बघायचंही काम नाही. मार्च महिना. गहू-हरभरा काढून झालेला, लोक शेतातला काडीकचरा जाळत होते आणि त्या धुराची न् धुळीची दुलई सगळ्या खानदेशावर पसरली होती. सरळ खाली दिसत होतं, लांबचं काही दिसत नव्हतं. तरी चिमणी वेळेवर आली. मी वळसा घातला, होकायंत्रावर पूर्व लावली आणि चक्क गाणं म्हणायला लागले.

आता आठवलं की त्या गाणं म्हणणाऱ्या मुलीची दया येते.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की डोळ्यांवर ऊन येत नाहीये. सकाळची वेळ, मी पूर्वेला चाललेली, म्हणजे सूर्य समोर हवा. तो डाव्या गालावर होता. मला बरंच वाटलं, ऊन डोळ्यांत जात नाही म्हणून. मग जरा खटकलं. होकायंत्र पाहिलं. पूर्व. अगदी ठाम पूर्व. वर खोटं कोण बोलतं? डोळे. मी गप्प बसले आणि पुढे चालले.

धरणाची वेळ आली. खाली धरण नव्हतं. थोडं पुढे गेले. धरण नाही, पाटाचं पाणी नाही, नुसती उघडी रानं. आणि मग समोरच्या धुरकटात काहीतरी काळपट उभं राहायला लागलं. ढग असेल म्हणून पाहत राहिले तर ते जवळ जवळ यायला लागलं. डोंगर होते. माझ्या वाटेवर डोंगर नव्हते. नकाशात डोंगर होते ते पार खाली, दक्षिणेला.

पोटात खड्डा पडला. कॅप्टन म्हणतात पोट खोटं बोलतं, तेही मनाशी म्हणून पाहिलं. डोंगर काही मागे सरले नाहीत.

मी हिशेब केला. सरळ पूर्वेला आलेय, होकायंत्र सांगतंय. म्हणजे धरण मागे राहिलं, धुरात दिसलं नाही. मागे फिरावं, पश्चिमेला. वळले. होकायंत्रावर पश्चिम लावली. हुश्श केलं. धरण आता समोरून येईल म्हणून डोळे फाडून बघत बसले. धरण आलं नाही. आधी उजाड टेकाडं आली, मग दऱ्या आणि मग डोंगर माझ्या खाली आले. मी पश्चिमेला जात होते आणि डोंगरांत शिरत होते.

असं कसं होईल? पुन्हा वळले. पुन्हा पूर्व. पुन्हा डोंगर, आणखी उंच. जिथे जाईन तिथे डोंगर. एका घळीत चार घरं दिसली, एक बाई कपाळावर हात धरून वर बघत होती. तिला ओरडून विचारावं, मावशी, हे कुठलं गाव? मी खरंच तोंड उघडलं होतं. इंजिनाच्या आवाजात मला माझंही ऐकू आलं नाही.

पेट्रोलचा काटा निम्म्याच्या खाली गेला होता. आता त्याच्याकडे न बघायचं ठरवलं आणि दर मिनिटाला बघायला लागले. हात इतके घामेजले की विमानाचा दांडा सटकायला लागला, ते पंजाबी ड्रेसला पुसले. रडू येत होतं ते गिळलं, कारण रडले तर काही दिसणार नाही आणि अण्णांनी काच एवढी पुसून दिली होती. कुंपणाशी उभे असतील. घड्याळ बघत असतील. बाकीची पोरं त्यांच्याकडे बघत असतील आणि ते सगळ्यांना सांगत असतील, येईल, माझी पोरगी येईल. मी मोठ्यांदा म्हणाले, "अण्णा, मी हरवले." विमानात दुसरं कुणी नव्हतं, तरी म्हणाले. त्या क्षणी विमान, शिष्यवृत्ती, सगळं एखाद्यानं घेऊन टाकलं असतं आणि मला नुसतं जमिनीवर ठेवलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

मग गाल भाजला. डावा गाल.

मी पश्चिमेला चालले होते तेव्हा. आणि मघाशी पूर्वेला चालले होते तेव्हाही ऊन डाव्याच गालावर होतं. मी तोंड फिरवून मागे निघाले तर सूर्यानं दुसऱ्या गालावर जायला हवं की नको? आमच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीलाही हे कळतं. सूर्य काही माझ्याबरोबर वळसे घालत नव्हता. म्हणजे खोटं बोलणारं दुसरंच कुणीतरी होतं आणि क्लबात त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

होकायंत्र अडकलं असेल म्हणून पुढे झुकून मी त्याला टिचकी मारली. तबकडी थरथरली आणि तिथेच राहिली. आणि त्या टिचकीसरशी होकायंत्राच्या पुढच्या सांदीतून काहीतरी नारिंगी निसटून माझ्या मांडीवर पडलं. झेंडूची पाकळी होती.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग होकायंत्राच्या पुढे, जिथे सकाळी अण्णांचा हात गेला होता, तिथे हात घातला. बोटांना फूल लागलं, ओलसर. फुलाच्या खाली गणपती. लोखंडी नळीला असा घट्ट चिकटला होता की एका हातानं निघेना. मूळचं चुंबक खराब रस्त्यांवर देव धरून ठेवेना म्हणून अण्णांनी रेडिओवाल्याकडून फुटक्या लाऊडस्पीकरचं जाडजूड काळं चुंबक मागून आणलं होतं आणि ते त्याच्या बुडाला बसवून घेतलं होतं. गाडी खड्ड्यात आपटली तरी देव हलत नाही, असं ते कौतुकानं सगळ्यांना दाखवायचे.

मी जीव खाऊन ओढला. गणपती निघाला आणि होकायंत्राची तबकडी गर्रकन फिरली. मी पश्चिमेला नव्हतेच. नैर्ऋत्येला, सरळ डोंगरांच्या पोटात चालले होते. पूर्व म्हटलं तेव्हाही दक्षिणेला, पश्चिम म्हटलं तेव्हाही दक्षिणेला.

आता या गणपतीचं करायचं काय? खिडकीतून टाकवेना. मांडीवर ठेवला तर होकायंत्र पुन्हा बिघडणार. खाली पायाशी ठेवावा तर देवाला पाय लागणार. मरायच्या वेळी माणसाला काय काय सुचतं! शेवटी ओढणीत गुंडाळला आणि सीटच्या मागे हात जाईल तितका लांब, सामानाच्या जाळीत ठेवला. "तिथंच बसा," मी त्याला म्हणाले. रागानं म्हणाले की रडत, ते आता सांगता येणार नाही.

उत्तर धरली. डोंगर मागे पडले. काटा तळाला टेकला होता. धुरातून रूळ चमकले तेव्हा मी ओरडले आणि त्या ओरडण्याबरोबरच इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज. रुळांच्या अलीकडे हरभरा काढलेलं एक शेत होतं. तेवढंच होतं. त्यातच उतरले. चाकं टेकली, विमान उड्या मारत धावलं आणि शेवटच्या बांधाला अडखळून नाकावर गेलं. लाकडी पंखा तुटला. माझं कपाळ फुटलं.

सगळ्यात आधी एक बाई पाण्याची कळशी घेऊन धावत आली. आत डोकावली, मागे बघितलं, पलीकडे जाऊन बघितलं.

"अन् डायवर कुठं गेला?" तिनं विचारलं.

"मीच," मी म्हणाले आणि तिच्या गळ्यात पडून रडले.

डोंगरांत हरवले होते एवढं मी जवळच्या स्टेशनच्या मास्तरांना सांगितलं, त्यांनी क्लबात फोन केला. दुपारी जीप आली. क्लबाचा ड्रायव्हर जागेवर नव्हता, म्हणून जीप अण्णाच चालवत होते. शेजारी कॅप्टन. जीप पुरती थांबायच्या आत अण्णा उतरून ढेकळांतून पळत आले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"लागलं का माय? कुठं लागलं? एवढंच ना? डोळा तर ठीक आहे ना?" त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी फिरवून फिरवून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो कुठं आहे?"

मी ओढणीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उघडून पाहिलं आणि ते कपाळाला लावलं. तिथेच उभ्या उभ्या ढसाढसा रडले.

"साहेबाला सांगितलं असतं तर त्यानं ठेवू दिला नसता," ते म्हणाले. "म्हणून सांदीत लपवला. यानंच आणलं तुला, माय. नाहीतर काही खरं नव्हतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते परत खाली गेलं.

कॅप्टन विमानाभोवती फिरून आले. तुटलेल्या पंख्याचा तुकडा त्यांच्या हातात होता. त्यांनी मला बांधाच्या कडेला नेलं. अण्णा दहा पावलांवर गर्दीत उभे होते आणि लोकांना गणपती दाखवत होते.

"कुठे चुकलं?" कॅप्टननी विचारलं.

मी कपाळावरची जखम चाचपली.

"सोनवणे, मी तुला शिकवलंय. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तुझ्याइतकी सरळ रेघ कुणी उडवली नाही. तू डोंगरांत जाऊन येशील यावर माझा विश्वास नाही. यंत्रात दोष असेल तर सांग. मी वर लढेन, तुझं नाव कमी होऊ देणार नाही, पुढच्या आठवड्यात तुला पुन्हा त्रिकोणावर पाठवीन. मला फक्त एक वाक्य दे. होकायंत्र बरोबर होतं?"

ते एक वाक्य माझ्याजवळ होतं. खरं होतं. ते म्हटलं असतं तर मी आज वैमानिक असते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

"माझा देव होता तिच्यासंगं," अण्णा त्या कळशीवाल्या बाईला सांगत होते. "मीच ठेवला होता. डायवरची पोरगी आहे, रिकामी कशी पाठवीन?" रडून लाल झालेल्या त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की बघवत नव्हता. आपण पोरीला वाचवलं असं वाटणाऱ्या बापाला, तूच तिला मारायला निघाला होतास, हे कोणत्या शब्दांत सांगतात? मला तसे शब्द येत नव्हते. ते आणखी किती वर्षं स्टिअरिंगवर बसणार होते. मागे पन्नास-साठ माणसं घेऊन.

"होकायंत्र बरोबर होतं, सर," मी म्हणाले. "वारा धरायचा राहिला."

वारा आडवा असला की तो विमानाला हळूच बाजूला नेतो. नाक तेवढं वाऱ्याकडे ठेवून चालावं लागतं. त्याला आम्ही वारा धरणं म्हणायचो. अगदी पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"वारा?" कॅप्टननी शेतापलीकडच्या निंबाकडे पाहिलं. "आज पहाटेपासून पान हललेलं नाही."

"वर होता, सर. खाली कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांना काय दिसलं, काय कळलं, मला माहीत नाही. त्यांनी हातातला पंख्याचा तुकडा बांधावर ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग माझा नाइलाज आहे." आणि जीपकडे गेले.

परत येताना जीप अण्णांनीच चालवली. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "साहेब काय म्हणाले?" मी सांगितलं, माझी चूक झाली, वारा धरायचा राहिला. अण्णांनी गिअर बदलला. "वारा काय माय, कुणाच्या हातातला आहे?" ते म्हणाले. गणपती जीपच्या पुढच्या पत्र्यावर चिकटवलेला होता आणि खड्ड्यांत हलत नव्हता.

फळ्यावरून माझं नाव गेलं. उदय देवधर वैमानिक झाला. मी भौतिकशास्त्र घेऊन पदवी केली आणि मुलींच्या शाळेत लागले. दर वर्षी चुंबकाचा धडा येतो. बाकीच्या शिक्षिका तो उरकतात. मी उरकत नाही. मुलींना वाटतं बाईंचा आवडता धडा आहे.

विमानाचा आवाज आला की वर बघायचं नाही, हे मी ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

अण्णांनी मात्र उरलेली सगळी नोकरी ती गोष्ट सांगण्यात घालवली. रावेरचा प्रवासी असो की साक्रीचा, इंजिनाशेजारच्या सीटवर बसला की त्याला ती ऐकावी लागे. पोरगी डोंगरांत हरवली, पेट्रोल संपलं आणि या देवानं तिला अलगद खाली आणलं. मी समोर असले तर साक्ष काढायचे. "हो ना माय?" मी हो म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा गाडीतून त्यांनी तेवढी एकच गोष्ट घरी आणली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि गणपती त्यांच्या पलंगाशेजारच्या लोखंडी टेबलावर बसला. रोज सकाळी एक झेंडू.

गेल्या फेब्रुवारीत शाळेत प्रात्यक्षिकं होती. लहान होकायंत्रांचा डबा मी घरी आणला होता, कुठल्या सुया अडकतात ते बघायला. अण्णांच्या टेबलावर उजेड चांगला येतो म्हणून डबा तिथेच रिकामा केला आणि चहा ठेवायला आत गेले. इतक्या वर्षांत मला एकदाही भीती वाटली नव्हती, म्हणून त्या दिवशीही वाटली नाही.

चहा घेऊन आले तर अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते. एका तळहातावर होकायंत्र. दुसऱ्या हातात गणपती. ते गणपती हळूच होकायंत्राजवळ नेत होते. सुई त्याच्याकडे वळत होती. लांब नेत होते. सुई परत जात होती. पुन्हा जवळ. पुन्हा लांब. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून नाक अगदी काचेला लावून.

मी कप खाली ठेवला. त्यांना माझी चाहूल लागली, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"त्या विमानात होतं ते बी असंच यंत्र का माय?"

"असंच," मी म्हणाले. खोटं सुचलंच नाही.

त्यांनी पुन्हा एकदा गणपती जवळ नेला. सुई वळली. त्यांचा हात थरथरायला लागला, तशी सुईही थरथरायला लागली. मी त्यांच्याजवळ बसले. कॅप्टनपुढे ज्या गोष्टीबद्दल मी तोंड बंद ठेवलं होतं, ती माझ्याच हातानं आणून मी त्यांच्या पुढ्यात ओतली होती.

"तू वारा म्हणाली होतीस."

"हो."

"ती पिशवी मात्र लोंबून राह्यली होती," अण्णा म्हणाले. "सकाळी मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, आज वारा नाहीच."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारे, मोतीबिंदू झालेले डोळे, काठोकाठ भरलेले. मी त्यांचा हात धरला, गणपतीसकट.

"वर होता, अण्णा," मी म्हणाले. "खाली कळत नाही."

मग त्यांनी मान हलवली.

"खरं आहे, माय," ते म्हणाले. "खाली नाही कळत."